व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान: केसपेपरवर लिहिण्याआधीचा क्रम

हाताला कापून घेतलेली बावीस वर्षांची मुलगी कॅज्युअल्टीत येते. रात्रीचे दोन वाजलेले, सोबतची आई रडतेय, टाके घालणारा सर्जरीचा रेसिडेंट वैतागलेला. सायकियाट्रीला कॉल जातो आणि वीस मिनिटांत केसपेपरवर ओळ उमटते: 'बॉर्डरलाइन ट्रेट्स', म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या (भावना, नाती आणि स्वतःची प्रतिमा सतत हेलकावणारी घडण) नुसत्या छटा. पुढच्या ओपीडीत दुसरा डॉक्टर तीच ओळ उतरवतो, फक्त 'ट्रेट्स' गळून पडतं. तिसऱ्या भेटीपर्यंत ते पक्कं निदान झालेलं असतं. मधल्या काळात तिची दहावीपासूनची हकीकत कुणीच विचारलेली नसते.

हा लेख सायकियाट्रीचे रेसिडेंट, नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्यासाठी आहे. व्यक्तिमत्त्व विकाराच्या कसोट्या सगळ्यांना पाठ असतात. चुकतो तो क्रम. कसोट्या आधी मोजल्या जातात आणि माणसाचं आयुष्य नंतर विचारलं जातं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. वेळ कमी असेल तर टप्पा गाळू नका, निदान पुढे ढकला.

१. तयारी: वेळ, जागा, कागद

पहिल्यांदाच भेटलेल्या रुग्णासाठी ४५ ते ६० मिनिटांच्या किमान दोन बैठका धरा. त्यात नातेवाइकांची वेगळी अर्ध्या तासाची भेट मिळवा. महापालिकेच्या रुग्णालयातल्या सकाळच्या ओपीडीत, बाहेर शंभर-सव्वाशे पेपर पडलेले असताना, हे होत नाही. म्हणून सकाळी फक्त तातडीचं पाहा आणि सविस्तर मुलाखतीसाठी दुपारची वेगळी वेळ द्या. रुग्ण वॉर्डात असेल तर काम निम्मं सोपं होतं, कारण नर्सिंग स्टाफ, आया, शेजारच्या खाटेवरचे लोक यांच्याशी तो कसा वागतो ते दिवसभर दिसतं.

बोलावताना सांगून ठेवायच्या गोष्टी: जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, शक्य असेल तर शाळेची प्रगतिपुस्तकं. प्रगतिपुस्तक मागितलं की पालक चकित होतात, पण 'वर्गात लक्ष नसते', 'भांडखोर' असा वर्गशिक्षकांचा एका ओळीचा शेरा कधी कधी तासाभराच्या मुलाखतीला भारी पडतो.

जागा अशी हवी की दाराबाहेरच्या माणसाला आतलं ऐकू येणार नाही. रुग्णाला आधी एकट्याला भेटा, नातेवाईक नंतर. नवऱ्यासमोर बायको, सासूसमोर सून किंवा वडिलांसमोर मुलगा खरं बोलेल ही आशा सोडा.

भाषा हा मुंबईतला नेहमीचा खड्डा. रुग्ण भोजपुरी किंवा गुजराती बोलणारा आणि दुभाषा म्हणून त्याचाच भाऊ, असं करू नका. भाऊ भाषांतर करत नाही, स्वतःचं मत सांगतो. त्याऐवजी ती भाषा येणारा सहकारी शोधा.

तपासा: नातेवाइकांशी बोलण्याची रुग्णाची परवानगी घेतली का आणि पेपरवर तशी नोंद केली का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. नातेवाइकांकडून माहिती घेणं वेगळं आणि रुग्णाने सांगितलेलं त्यांच्या कानावर घालणं वेगळं.

२. आधी जिवाची काळजी

निदानाच्या मागे लागण्याआधी आत्महत्येचा आणि स्वतःला इजा करण्याचा धोका पाहा. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसा द्यायचा हे ठरवलं होतं का? घरात त्यासाठी काही आहे का?" झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, फिनाइल, ढेकणाचं औषध ही घरातली यादी एकेक नाव घेऊन विचारा. नुसतं 'काही आहे का' विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. जे सापडेल ते घराबाहेर किंवा कुलपात ठेवायची जबाबदारी घरातल्या एका माणसावर नाव घेऊन टाका.

दोन गोष्टी वेगळ्या नोंदवा: मरण्यासाठी केलेली इजा आणि आतला ताण उतरावा म्हणून केलेली इजा. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून 'ही नेहमीच कापते' हे वाक्य धोका मोजायला निरुपयोगी आहे. 'लक्ष वेधण्यासाठी केलं' असं लिहिण्याऐवजी इजेच्या आधीच्या दोन तासांत काय घडलं ते लिहा.

आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं, उलट सिद्ध होईपर्यंत, त्याच कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते, तेव्हा हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगा. घरी पाठवताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.

३. आज काय चाललंय ते बाजूला काढा

सगळ्यात जास्त निदानं इथे चुकतात. नैराश्यात बुडालेला माणूस स्वतःला आयुष्यभर नालायक, परावलंबी, एकटा समजतो आणि तसंच सांगतो. सहा आठवड्यांनी गोळ्या लागू पडल्या की तोच माणूस मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोक टाकत असतो. त्याला आधीच परावलंबी व्यक्तिमत्त्व विकाराचं लेबल लावून मोकळे झाला असाल, तर ते लेबल पुसायला आता कुणी येत नाही.

म्हणून आधी या गोष्टी वगळा किंवा किमान नोंदवा:

चालू एपिसोड. नैराश्य किमान २ आठवडे, उन्माद किमान १ आठवडा, सौम्य उन्माद सलग किमान ४ दिवस, या डीएसएम-५ मधल्या (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदानपुस्तिका) मुदती तोंडपाठ हव्यात. यातलं काही चालू असेल तर व्यक्तिमत्त्वाचं निदान थांबवा.

व्यसन. दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, आणि मुंबईत खास करून एमडी, म्हणजे मेफेड्रोन. एमडीवर असलेला तरुण संशयी, चिडखोर, बेफाम वागतो आणि उतरल्यावर कोसळतो. वरून सगळं बॉर्डरलाइनसारखं दिसतं. लघवीच्या नेहमीच्या झटपट किटमध्ये मेफेड्रोन सापडेलच असं नाही. अहवाल निगेटिव्ह आला म्हणून व्यसन नाही असा अर्थ काढू नका. सुमारे महिनाभर सगळं बंद असल्याची खात्री पटली की मग पुढे जा.

शरीर. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करून घ्या. फिट्स, डोक्याला मार, बेशुद्धी यांचा इतिहास विचारा. औषधं पाहा: स्टेरॉइडने आणि फिट्सच्या लेव्हेटिरासिटॅमने माणूस कमालीचा चिडका होऊ शकतो, पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस जुगार खेळायला लागतो.

सावध: चाळिशी-पन्नाशीनंतर स्वभाव पहिल्यांदाच बदलला असेल तर तो व्यक्तिमत्त्व विकार नाही असं धरूनच तपासणी करा. पंचावन्न वर्षांचा शिस्तीचा कारकून अचानक लोकांसमोर अश्लील बोलू लागला, बायकोच्या आजारपणाचंही त्याला काही वाटेनासं झालं, तर मेंदूचा एमआरआय आणि न्यूरॉलॉजीचं मत आधी. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश असाच सुरू होतो, आणि स्मरणशक्ती सुरुवातीला ठीकच असते.

४. काळरेषा काढा

एक फुलस्केप कागद आडवा धरा. वरच्या बाजूला वय, दहाव्या वर्षापासून आजपर्यंत. खाली सहा ओळी: शिक्षण आणि नोकरी; घर; जवळची माणसं; मनःस्थिती आणि आजार; व्यसन; औषधं आणि दाखल होणं. कागद रुग्णासमोर ठेवून, त्याच्याबरोबरच भरा. पेन्सिलीने, कारण तारखा तीनदा बदलतात.

'कधीपासून?' या प्रश्नाला लोक सालाने उत्तर देत नाहीत. खुंटीला बांधून विचारा: दहावीच्या आधी की नंतर? पहिला पगार झाला तेव्हा? चाळ सोडून नालासोपाऱ्याला गेलात त्या वर्षी? २६ जुलैच्या पुरात कितवीत होता? मार्च २०२० ला लॉकडाउन लागलं तेव्हा घरी कोण कोण होतं? या खुंट्यांवर आठवणी बऱ्या लटकतात.

नातेवाइकांचं 'पहिल्यापासूनच असा' हे जसंच्या तसं उतरवून घेऊ नका. ते वाक्य बहुधा थकव्यातून येतं. थोडं खणलं की काय निघतं ते पाहा:

"आई, पहिल्यापासून म्हणजे शाळेतसुद्धा असाच होता?"

"शाळेत नाही हो. शाळेत फार समंजस. सर घरी येऊन कौतुक करायचे."

"मग कधी बिघडलं?"

"बारावीच्या सुट्टीत. रात्रभर जागायचा, मित्रांना पैसे वाटायचा, आमच्यावर ओरडायचा. दोन महिने चाललं ते. मग एकदम गप्प. पांघरूण घेऊन पडून राहायचा, कॉलेजलाच गेला नाही."

"आणि त्यानंतर मधे कधी ठीक होता का?"

"हो, दीड वर्ष होता की. ट्रॅव्हल कंपनीत नोकरी केली. मग परत तेच."

तीन प्रश्नांत 'बेफिकीर, बेजबाबदार व्यक्तिमत्त्वा'चा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) झाला. दीड वर्षाचा तो चांगला काळ कुणी विचारला नसता तर केसपेपरवर तो कधी आलाच नसता.

रेषा पूर्ण झाली की लाल पेन घ्या. आजाराचे एपिसोड, नशेचा काळ, बाळंतपणानंतरचे महिने, मोठा शोक, यांवर आडव्या पट्ट्या ओढा. आता लाल पट्ट्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत काय दिसतं ते बघा. व्यक्तिमत्त्वाचं निदान त्या कोऱ्या जागेवर उभं राहतं. तिथेही तीच भांडणं, तोच संशय, तीच तुटलेली नाती असतील तर पुढे चला. कोरी जागाच उरली नसेल तर निदान शक्य नाही, तसं लिहा.

तपासा: वागण्याची ही घडण किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसते का? फक्त सासरी भांडण आणि ऑफिसात, माहेरी, मैत्रिणींत सगळं सुरळीत असेल तर आधी सासरकडे बघा. घरात मारहाण चालू असेल तर बाईचं भेदरलेलं, चिडकं, संशयी वागणं ही त्या मारहाणीची खूण असू शकते.

५. चार क्षेत्रांचे प्रश्न

कोणता विकार ते नंतर. आधी व्यक्तिमत्त्वाचा गाडा किती अडतोय ते पाहायचं. डीएसएम-५ चं पर्यायी प्रारूप ज्या चार क्षेत्रांवर उभं आहे ती इथे कामाला येतात. स्वतःची ओळख, आयुष्याची दिशा, दुसऱ्याचं मन कळणं आणि जवळीक. मराठीत विचारण्याजोगे प्रश्न असे:

ओळख: "तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तीन जणांना तुमच्याबद्दल विचारलं तर ते एकच माणूस सांगतील की तीन वेगळी?"

दिशा: "मागच्या पाच वर्षांत मनापासून सुरू केलेलं आणि अर्ध्यावर सोडलेलं काय काय? प्रत्येक वेळी का सोडलं?"

दुसऱ्याचं मन: "शेवटचं मोठं भांडण आठवा. त्या वेळी समोरच्याच्या मनात काय चाललं असेल?" इथे उत्तरापेक्षा उत्तर कसं येतं ते ऐका. 'मला काय माहीत' म्हणणारा वेगळा, 'मला मुद्दाम त्रास द्यायचा होता त्याला' म्हणणारा वेगळा आणि थोडं थांबून 'तोही घाबरला असेल' म्हणणारा वेगळा.

जवळीक: "सगळ्यात जास्त टिकलेली मैत्री किती वर्षांची? तुटली असेल तर कशी?"

नियम एकच ठेवा: उदाहरण नाही तर गुण नाही. 'हो, मी तापट आहे' याला किंमत शून्य. कुठे, कुणावर, काय केलं, नंतर काय झालं, अशी दोन वेगळ्या ठिकाणची उदाहरणं मिळाली तरच मोजा. आणि सकाळी आठच्या विरार फास्टमधलं भांडण मोजायचं नाही. ते धरलं तर अर्धं पश्चिम उपनगर दाखल करावं लागेल.

६. नातेवाईक

शक्य तर दोन माणसं, दोन वेगळ्या काळांतली: एक लहानपणापासून ओळखणारं, म्हणजे आईवडील किंवा मोठं भावंड, आणि एक आत्ताचं, म्हणजे जोडीदार, खोलीतला सोबती. दोघांना एकत्र बसवू नका. त्यांची तक्रार ऐकून घ्या आणि मग त्याच माणसाचं चांगलं काय ते विचारा. चांगलं काहीच सांगता न येणारा नातेवाईक माहिती कमी आणि कैफियत जास्त देतो.

रुग्ण आणि नातेवाईक यांच्या सांगण्यात फरक पडला तर कोण खरं हे ठरवायची घाई नको. फरक तसाच लिहा. आत्मकेंद्री आणि समाजविघातक घडणीत रुग्ण स्वतःचं कमी सांगतो. नैराश्यात तो जास्त सांगतो.

७. संस्कृतीची चाळणी

डीएसएमची पहिलीच अट अशी आहे की वागणं त्या माणसाच्या संस्कृतीतल्या अपेक्षांपेक्षा ठळकपणे वेगळं हवं. ही अट वाचून पान उलटायची सवय मोडा, कारण कसोट्या दुसऱ्या समाजात घडल्या आहेत.

नवरात्रात अंगात येतं, दृष्ट लागते, करणी केली असं वाटतं: घरातली, वाडीतली चार माणसं तसंच मानत असतील तर स्किझोटायपल (विचित्र समजुती आणि वागण्याच्या) विकाराचा गुण देऊ नका. तीस-बत्तीसचा मुलगा आईवडिलांबरोबर राहतो: मुंबईतल्या घरभाड्यांत तो शहाणपणा असतो. मोठा निर्णय घेताना बायको नवऱ्याला, सासूला विचारते: परावलंबन ठरवण्याआधी बघा की तिच्या हातात पैसा किती आहे आणि न विचारल्यास काय होतं. धर्मावरून किंवा जातीवरून भाड्याची घरं नाकारली गेलेला माणूस दलालांवर, सोसायटीवर विश्वास ठेवत नसेल तर तो संशय नाही, अनुभव आहे.

उलट चूकही होते. 'आमच्यात असंच असतं' म्हणून सगळं सोडून द्यायचं. घरात 'फार सोवळं पाळतात' म्हणून गौरवलेल्या माणसामुळे मुलं तासन् तास बाथरूमबाहेर उभी असतील तर ते सोवळ्याच्या पलीकडे गेलं आहे. पारख करायला त्याच घरातला, तितकाच श्रद्धाळू दुसरा माणूस उपयोगी पडतो: त्यालाही हे अति वाटतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ इथे कायद्याचं कुंपण घालतं. नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा कामाच्या ठिकाणच्या मूल्यांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. मुलगी आंतरजातीय लग्नाचा हट्ट धरते, मुलाला मुलगा आवडतो, या तक्रारी घेऊन आलेल्या पालकांना तुमच्याकडून विकाराचं नाव मिळता कामा नये.

८. चाचण्या: कुठली, कधी

चाचणी काळरेषेनंतर. आधी दिली तर आकडा डोक्यात बसतो आणि मुलाखत त्या आकड्याला साक्षीदार शोधत फिरते.

चाळणीसाठी सापास ही छोटी प्रश्नावली पुरते. आठ प्रश्न, दोन-तीन मिनिटं. मनोविकाराच्या रुग्णांत ३ किंवा जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी करायची. एक बारीक चूक नेहमी होते: तिसरा प्रश्न 'तुम्ही साधारणपणे लोकांवर विश्वास ठेवता का' असा आहे आणि तिथे गुण 'नाही'ला आहे. बाकी सातही प्रश्नांत 'हो'ला गुण असल्याने हात आपोआप चुकतो.

सविस्तर मुलाखतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयपीडीई किंवा डीएसएमवर बेतलेली स्किड-५-पीडी. आयपीडीईत वागणं किमान ५ वर्षं असावं आणि त्या विकाराची किमान एक कसोटी २५ व्या वर्षाआधी पूर्ण झालेली असावी, अशी अट आहे. ती अट विसरून गुण दिले की सगळेच आजारी निघतात. स्किडबरोबर १०६ प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली येते. ती रुग्णाने भरायची आणि तुम्ही फक्त 'हो' आलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा करायचा.

सावध: रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून निदान लिहू नये, मग ती कितीही लांबलचक असो. या प्रश्नावल्या जास्त माणसं पकडतात, कमी सोडतात. चाळणीचं कामच ते. मराठीत विचारताना शब्दशः भाषांतरही दगा देतं. 'तुम्हाला आतून रिकामं वाटतं का' असं विचारलं की लोक 'भूक लागते' इथपासून 'काम नाही' इथपर्यंत काहीही समजतात. 'सगळं असूनही मनात काहीच उरलं नाही, पोकळ वाटतं, असं कितीदा होतं?' असं विचारा.

९. कसोट्या मोजणं

आता, आणि आत्ताच, यादी उघडा. डीएसएम-५ मध्ये दहा विकार, तीन गट. आधी सर्वसाधारण अट: विचार, भावना, नाती, आवेगावर ताबा या चारांपैकी किमान दोहोंत बिघाड, लवचिकता नाही, त्रास किंवा नुकसान होतंय, पौगंडावस्थेत किंवा तारुण्याच्या सुरुवातीला उगम. ही पुरी झाली तरच विशिष्ट विकाराकडे. बॉर्डरलाइनला ९ पैकी ५, आत्मकेंद्रीला ९ पैकी ५, लोकांना टाळणाऱ्याला (अव्हॉइडंट) ७ पैकी ४, परावलंबीला ८ पैकी ५, अतिशिस्तीच्याला ८ पैकी ४. समाजविघातक निदान १८ वर्षांच्या आत करता येत नाही, आणि १५ व्या वर्षाआधी वर्तनविकाराचा पुरावा लागतो. इतर विकार १८ च्या आत लिहायचे तर वागणं किमान वर्षभर असायला हवं.

आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, तिचा रस्ता वेगळा आहे. १ जानेवारी २०२२ पासून ती लागू आहे. ती आधी तीव्रता विचारते: सौम्य, मध्यम, तीव्र. बिघाड किमान २ वर्षं असावा. मग नकारात्मक भावनिकता, अलिप्तता, समाजविघातकता, अनिर्बंधता आणि काटेकोरपणा यांपैकी जे स्वभावगुण ठळक असतील ते जोडायचे. हवा तर बॉर्डरलाइन पॅटर्न. सौम्यमध्ये आयुष्याचे काही कोपरे बिघडतात, काही शाबूत राहतात. मध्यममध्ये अनेक क्षेत्रं आणि अधूनमधून स्वतःला किंवा इतरांना इजा. तीव्रमध्ये जवळपास सगळंच. रोजच्या कामाला ही पद्धत सोयीची वाटते, कारण चार विकारांचे अर्धेअर्धे निकष भरणारा रुग्ण इथे एका ओळीत बसतो. स्किझोटायपल मात्र आयसीडीत व्यक्तिमत्त्व विकारांत नाही, स्किझोफ्रेनियाच्या घरात आहे.

नेहमीच्या गल्लती चार.

बॉर्डरलाइन की बायपोलर-२ (नैराश्य आणि सौम्य उन्मादाचा प्रकार). मनःस्थिती बदलायला किती वेळ लागला आणि कशाने बदलली, हे दोन प्रश्न निकाल लावतात. मेसेजला निळी टिक आली पण उत्तर नाही, म्हणून चारला जग संपलं आणि साडेसहाला फोन आल्यावर सावरलं: हे तासांचं गणित बॉर्डरलाइनचं. चार-पाच दिवस सलग झोप कमी, तरी अंगात उत्साह, बोलणं वाढलेलं, घरच्यांनाही बदल दिसलेला: हे सौम्य उन्मादाचं. 'राग आला की मूड स्विंग होतो' एवढ्यावर बायपोलरचं औषध लिथियम सुरू करू नका. दोन्ही एकत्रही असतात. तेव्हा काळरेषेवर लाल पट्ट्याही असतात आणि मधल्या जागेत वादळंही.

अतिशिस्तीचं व्यक्तिमत्त्व की ओसीडी (मंत्रचळ). ओसीडीवाला म्हणतो, 'मला माहीत आहे हे वेड्यासारखं आहे, पण थांबवता येत नाही.' अतिशिस्तीचा म्हणतो, 'मी बरोबर आहे, हेच लोक बेशिस्त आहेत.' पहिला स्वतःहून येतो, दुसऱ्याला बहुधा बायको घेऊन येते.

बॉर्डरलाइन की लहानपणच्या अत्याचारानंतरचा जटिल आघातविकार. दुसऱ्यात स्वतःबद्दलची प्रतिमा पडलेली असते पण बऱ्यापैकी स्थिर, आणि माणूस नात्यांपासून लांब पळतो. पहिल्यात प्रतिमा हलत राहते आणि नात्यांत ओढाताण असते. आघाताची पुन्हा पुन्हा उसळणारी आठवण विचारायला विसरू नका.

आवेगी वागणं म्हणून बॉर्डरलाइन लिहिलेली, पण खरं तर एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार). १२ व्या वर्षाआधीची लक्षणं आहेत का? प्रगतिपुस्तक इथे पुन्हा बाहेर काढा.

१०. लिहिणं

केसपेपरवर विशेषणं नकोत, घटना हव्यात. 'मॅनिप्युलेटिव्ह', 'ड्रामॅटिक', 'डिमांडिंग' हे शब्द लिहिणाऱ्याची चीड सांगतात, रुग्णाची घडण सांगत नाहीत. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. तो वाचणार आहे असं धरूनच लिहा. नमुना:

'वय २७. सतराव्या वर्षापासून जवळच्या नात्यांत टोकाचे चढउतार; सोडून जातील या भीतीने एका रात्रीत तीस-चाळीस फोन, मग स्वतःच नातं तोडणं. तीन नाती, दोन मैत्रिणी. रागावर ताबा नाही: घरी आणि दोन्ही नोकऱ्यांत. एकोणिसाव्या वर्षापासून हातावर ब्लेडने इजा, साधारण महिन्यातून एकदा, भांडणानंतर दोन तासांच्या आत. नैराश्याचे दोन एपिसोड. मधल्या १४ महिन्यांतही वरील घडण कायम. व्यसन नाही. टीएसएच नॉर्मल. माहिती: रुग्ण, मोठी बहीण, जुनं डिस्चार्ज कार्ड. आयसीडी-११: मध्यम व्यक्तिमत्त्व विकार, ६डी१०.१, नकारात्मक भावनिकता, अनिर्बंधता, बॉर्डरलाइन पॅटर्न.'

खात्री नसेल तर 'व्यक्तिमत्त्वाचं मूल्यमापन अपूर्ण, एपिसोड ओसरल्यावर पुन्हा' असं लिहा. हे वाक्य लिहायला कुणालाही लाज वाटू नये.

११. सांगणं

निदान नातेवाइकांना आधी आणि रुग्णाला उडत उडत, ही पद्धत सोडा. रुग्णालाच आधी, बसून, नाव घेऊन सांगा. सुरुवात त्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टींनी करा:

"तुम्हीच सांगितलंत की भावना पटकन भडकतात, जोरात भडकतात आणि उतरायला दोन-तीन तास लागतात. त्यात माणसं दुखावतात आणि मग तुम्ही स्वतःला दुखावता. सतरा वर्षांच्या होतात तेव्हापासून हे आहे. याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असं नाव आहे. कशातलं पटतंय, कशातलं नाही?"

शेवटचा प्रश्न गाळू नका. तिथेच काळरेषेतली एखादी चूक सापडते. पुढे सांगा की मुख्य उपचार बोलण्याचा आणि कौशल्यं शिकण्याचा आहे, गोळ्या सोबतच्या नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी असतील, आणि अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात बहुतेकांची लक्षणं ओसरतात, नोकरी आणि नाती सावरायला मात्र जास्त वेळ लागतो. गूगलवर काय काय सापडेल तेही आधीच सांगून ठेवा, कारण रुग्ण घरी जाताना लोकलमध्येच ते शोधणार आहे.

१२. पुन्हा पाहणं

सहा महिन्यांनी काळरेषा पुन्हा उघडा. व्यसन सुटलं, नैराश्य उतरलं, मारहाण करणारं घर सोडलं आणि सोबत घडणही विरघळली, तर निदान चुकलं होतं. ते काढायचं तर जुन्या ओळीवर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. शेजारी तारीख, सही आणि कारण. मग डिस्चार्ज कार्डावर आणि रुग्णाकडच्या फाइलमध्येही तोच बदल करा. पुढच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता डॉक्टर तीच फाइल उघडणार आहे.